चांदी काळी पडते, जंतू मरतात

शाळेच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या कपाटात एक छोटी तपकिरी बाटली असते. तिच्यावर ‘सिल्व्हर नायट्रेट’ अशी चिठ्ठी असते. रसायन महाग, म्हणून ती बाटली बहुधा मागच्या रांगेत किंवा कुलपात असते आणि क्लोराइडची परीक्षा दाखवायची असेल तेव्हाच बाहेर निघते. मिठाच्या पाण्यात तिच्यातले दोन थेंब टाकले की दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका तयार होतो. चुकून एखादा थेंब बोटावर पडला, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. घरी जाईपर्यंत मात्र तेथे काळा डाग उमटतो. तो साबणाने जात नाही. वरची कातडी झडून नवी आली, की तिच्याबरोबरच जातो.

कातडी काळी करणाऱ्या ह्याच रसायनाचा एकेक थेंब १८८० नंतर युरोप-अमेरिकेतल्या असंख्य नवजात बालकांच्या डोळ्यांत मुद्दाम टाकला गेला, आणि त्यामुळे हजारो मुले आंधळी होण्यापासून वाचली. पुढे १९६५ नंतर भाजलेल्या रुग्णांच्या उघड्या जखमांवर ह्याच द्रावणाच्या पट्ट्या ठेवल्या गेल्या. आणि हेच रसायन पोटात घेतलेल्या काही रुग्णांची कातडी कायमची निळसर-राखाडी झाली.

एकच पदार्थ कुठे दृष्टी वाचवतो, कुठे जीव वाचवतो, आणि कुठे माणसाचा चेहरा जन्मभरासाठी बदलून टाकतो. असे का होते? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला सुमारे दीडशे वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत आपण ह्या लेखात पाहू या.

चंद्राचा धातू

चांदीच्या भांड्यातले पाणी चांगले राहते, ही समजूत फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, इराणचा राजा सायरस स्वारीवर निघाला की खोआस्पिस नदीचे उकळलेले पाणी चांदीच्या भांड्यांत भरून, चारचाकी गाड्यांवर लादून सोबत नेत असे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पाणी आधी उकळलेले होते. तेव्हा ते टिकण्याचे श्रेय चांदीला किती आणि उकळण्याला किती, हे ह्या हकिकतीवरून ठरवता येत नाही. जुन्या परंपरांतून पुरावा शोधताना हा सावधपणा विद्यार्थ्यांना जरूर शिकवावा.

मध्ययुगातल्या किमयागारांनी चांदीचे नाते चंद्राशी जोडले होते. सोने सूर्याचे, चांदी चंद्राची. चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि सोने विरघळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ते द्रावण आटवले की सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक मिळत. ते वितळवून त्यांच्या कांड्या ओतत आणि त्या कांडीने चामखीळ किंवा जखमेवर वाढलेले मांस जाळत. ह्या कांडीला ‘चांद्र दाहक’ अशा अर्थाचे नाव होते.

वेडाचे आणि फेफऱ्याचे कारण चंद्र, अशी त्या काळी समजूत होती. म्हणून चंद्राच्या धातूचे औषध फेफऱ्यावर चालेल, असा तर्क निघाला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात फेफऱ्याच्या रुग्णांना सिल्व्हर नायट्रेट महिनोन्‌महिने पोटात देत. फेफरे त्याने बरे झाले नाही. पण बऱ्याच रुग्णांचा चेहरा आणि हात निळसर-राखाडी झाले, आणि तसेच राहिले. ह्या विकाराला ‘अर्जिरिया’ म्हणतात. ‘अर्जिरॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत चांदी. चांदीच्या औषधाचा पहिला मोठा धडा हा असा मिळाला, आणि तो पुढे दोन-तीन वेळा विसरला गेला.

किती थोडी चांदी?

चांदी सूक्ष्मजीवांना मारते हे पहिल्यांदा नीट मोजून दाखवले ते झ्यूल रोलँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने. रोलँ हा लुई पाश्चरचा शिष्य. भाकरी-पावावर काळी बुरशी येते ती आपल्या ओळखीची आहे. तिच्यातली एक जात म्हणजे ॲस्परजिलस नायजर. ह्या बुरशीला वाढीसाठी नेमके कोणते क्षार आणि किती लागतात, हे रोलँ शोधत होता. १८६९ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जस्तासारखा धातू अत्यल्प प्रमाणात असला तर बुरशी जोमाने वाढते, असे त्याला दिसले. चांदीची गोष्ट मात्र उलटी होती. पोषक द्रावणाच्या सोळा लाख भागांत सिल्व्हर नायट्रेटचा एक भाग असला तरी बुरशीची वाढ थांबे. घरगुती मापात सांगायचे, तर २०० लिटरची आठ पिंपे पाण्याने भरायची आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून फक्त एक ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट टाकायचे!

त्याहून नवलाची गोष्ट पुढे होती. चांदीच्या भांड्यात द्रावण ठेवले तरी बुरशी उगवत नसे. भांड्यातली चांदी द्रावणात उतरली आहे, हे त्या काळच्या रासायनिक परीक्षांना जवळजवळ दाखवताच येत नव्हते. रसायनशाळेला जे सापडत नव्हते, ते बुरशीला कळत होते.

अशीच एक कोड्यात टाकणारी गोष्ट म्यूनिकच्या कार्ल फॉन नेगेली ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला आढळली. नेगेलीचे नाव आपल्याला दुसऱ्या एका कारणाने माहीत असते. वाटाण्यावरचे प्रयोग मेंडेलने पत्रे लिहून ज्याला कळवले आणि ज्याने त्यांचे महत्त्व ओळखले नाही, तो हाच. नेगेली स्पायरोगायरा ह्या शेवाळावर प्रयोग करत असे. हे शेवाळ आपण दहावी-बारावीच्या वर्गात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा ते कधीकधी मरून जाई. कारण शोधता शोधता त्याच्या लक्षात आले की, पाणी तांब्याच्या संपर्कात आलेले असले की शेवाळ मरते. चांदीनेही तसेच होत होते. इतक्या थोड्या धातूने एवढा परिणाम होतो म्हणून ‘थोड्याचे बळ’ अशा अर्थाचा ‘ऑलिगोडायनॅमिक’ हा ग्रीक शब्द त्याने बनवला. १८९१ साली नेगेली वारला. त्याचा हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८९३ साली छापला गेला.

लाइपझिगचा एक थेंब

रोलँ आणि नेगेली ह्यांच्या कामाच्या मधल्या काळात, जर्मनीतल्या लाइपझिग येथे एक डॉक्टर वेगळ्याच अडचणीशी झगडत होता. त्याचे नाव कार्ल क्रेडे. तो तेथील प्रसूतिगृहाचा प्रमुख होता. जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांत काही बालकांचे डोळे सुजत, त्यांतून पू वाहू लागे, आणि बुबुळावर व्रण पडून दृष्टी जाई. युरोपातल्या अंधशाळांमध्ये ह्या एका कारणाने आंधळी झालेली मुले मोठ्या संख्येने असत. लाइपझिगच्या प्रसूतिगृहात शंभरातल्या सुमारे दहा बालकांना हा रोग होई.

हा रोग आईच्या जननमार्गातल्या संसर्गातून येतो, असा क्रेडेचा कयास होता. परमा ह्या रोगाचे जंतू आल्बर्ट नायसरने १८७९ साली शोधले होते, तेव्हा ह्या कयासाला चांगला आधारही मिळाला होता. क्रेडेने प्रथम मातांवर उपचार करून पाहिले. रोग थोडा कमी झाला, पण हटला नाही. मग त्याने आपले लक्ष बालकाच्या डोळ्यांकडे वळवले. १८८० साली त्याने सिल्व्हर नायट्रेटचे २ टक्क्यांचे द्रावण वापरायला सुरुवात केली. जन्मल्याबरोबर बालकाचे डोळे पुसायचे, पापण्या हळूच उघडायच्या, आणि काचेच्या कांडीच्या टोकाला लोंबणारा एक थेंब प्रत्येक डोळ्यात सोडायचा. पद्धत एवढीच होती. ही हकीकत त्याने १८८१ साली प्रसिद्ध केली. रोगाचे प्रमाण शेकडा दहावरून शेकडा एकाच्याही खाली आले होते.

ह्या यशाचे रहस्य केवळ चांदीत नव्हते. ते तीन गोष्टींत होते. पहिली गोष्ट म्हणजे मात्रा: एकच थेंब, आणि तोही ठरावीक तीव्रतेचा. दुसरी गोष्ट म्हणजे जागा: जंतू अजून डोळ्याच्या पृष्ठभागावरच होते, आत शिरले नव्हते. तिसरी गोष्ट म्हणजे वेळ: जन्मल्याबरोबर. ह्यांतली एक जरी चुकली तरी उपाय उलटत असे. बाटली बरेच दिवस उघडी राहून पाणी उडून गेले की द्रावण तीव्र होई. चुकून तीव्र द्रावण वापरल्याने बालकांचे डोळे भाजल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून पुढे द्रावण १ टक्क्यावर आणले गेले आणि ते एकेका बालकापुरत्या मेणाच्या छोट्या कुप्यांतून मिळू लागले. योग्य द्रावणानेही काही बालकांचे डोळे एक-दोन दिवस लाल होत. प्रतिजैविके आल्यावर, आणि क्लॅमिडियासारख्या दुसऱ्या जंतूंपुढे चांदी फारशी चालत नाही हे कळल्यावर, बहुतेक ठिकाणी तिची जागा एरिथ्रोमायसिनसारख्या मलमांनी घेतली.

पैंजण आणि जिवाणू

चांदी जंतूंना मारते ती कशी? ह्याचे उत्तर घराघरांत दिसते. पैंजण, जोडवी, देवघरातली चांदीची समई काही महिन्यांत काळी पडते. उकडलेल्या अंड्याला लागलेला चांदीचा चमचा तर लगेच काळवंडतो. ही काळी पुटे म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतल्या आणि अन्नातल्या गंधकाच्या संयुगांशी चांदी चटकन संयोग पावते. चांदीला गंधकाची विलक्षण ओढ आहे. हीच ओढ जंतूंना भोवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चांदीचा गोळा स्वतः कुणाला मारत नाही. ओलावा आणि ऑक्सिजन असला की चांदीच्या पृष्ठभागावरचे काही अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावतात आणि धनभारित आयन होऊन पाण्यात उतरतात. जंतुनाशक काम करतो तो हा आयन. सिल्व्हर नायट्रेटमध्ये सगळी चांदी आयनरूपातच असते, म्हणून ते ताबडतोब आणि जोरात काम करते. चांदीच्या भांड्यातून मात्र आयन फार सावकाश बाहेर पडतात.

आता जिवाणूकडे वळू. त्याच्या पेशीतली विकरे म्हणजे प्रथिने. प्रथिनांच्या साखळीत सिस्टीन हे अमिनो आम्ल जागोजागी असते, आणि सिस्टीनच्या टोकाला गंधक व हायड्रोजन ह्यांची जोडी असते. तिला थायॉल गट म्हणतात. अनेक विकरांचे काम ह्या गटावरच अवलंबून असते. चांदीचा आयन हायड्रोजनला बाजूला सारून गंधकाला चिकटतो आणि विकर निकामी होते. जिवाणूच्या पटलात श्वसनाची जी साखळी असते ती तुटते, पटल गळू लागते, आणि आयन आत शिरून डीएनएलाही बांधला जातो. एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव बसतो, म्हणून थोडी चांदी पुरते. ह्याचा एक सोपा पडताळा आहे. द्रावणात वेगळे सिस्टीन मिसळले, तर चांदी त्याच्यावरच खर्च होते आणि जिवाणू वाचतात.

मेलेल्या जिवाणूतली चांदी नाहीशी होत नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली असे दाखवले की, चांदीने मारलेले जिवाणू स्वच्छ धुऊन जिवंत जिवाणूंत मिसळले, तर त्या मढ्यांतून सुटणाऱ्या चांदीने जिवंत जिवाणूही मरतात.

पण थायॉल गट काही केवळ जिवाणूंची मक्तेदारी नाही. आपल्या पेशींतही तीच विकरे, तोच गंधक. चांदीला आपला-परका कळत नाही. मग माणूस कसा वाचतो? एक तर आपल्या अंगावर मेलेल्या पेशींचा जाड थर असतो. बोटावरचा काळा डाग त्याच थरात राहतो. दुसरे, आपली पेशी मोठी असते आणि धातूंना बांधून ठेवणारी गंधकयुक्त प्रथिने तिच्याजवळ असतात. तिसरे आणि महत्त्वाचे कारण म्हणजे मीठ.

मिठाचा बांध

ह्यासाठी आपण वर्गात एक प्रयोग करू शकतो. तीन परीक्षानळ्या घ्याव्यात. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत नळाचे पाणी आणि तिसरीत चिमूटभर मीठ घातलेले पाणी घ्यावे. प्रत्येकीत सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणाचे दोन थेंब टाकावेत. पहिली नळी स्वच्छ राहते. दुसरीत बहुधा धुरकटपणा येतो, कारण नळाच्या पाण्यात थोडे क्लोराइड असते. तिसरीत पांढरा साका बसतो. ती नळी उन्हात ठेवली की साका हळूहळू जांभळट-काळा होतो. हातमोजे घालावेत, डोळे जपावेत, आणि हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा.

साका म्हणजे अविद्राव्य सिल्व्हर क्लोराइड. शुद्ध पाण्यात ते लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम एवढेच विरघळते. रक्तद्रवात क्लोराइड भरपूर असते, त्यामुळे सम-आयन परिणामाने मोकळे चांदीचे आयन आणखी हजारो पटींनी कमी होतात. उरलेल्यांना प्रथिने पकडतात. म्हणून चांदी शरीराच्या बाहेर, पृष्ठभागावर तलवारीसारखी चालते, आणि शरीरात शिरली की बोथट होते. रक्तात पसरलेला रोग चांदी पाजून बरा होत नाही, तो ह्या कारणाने.

बोथट झालेली चांदी सगळीच बाहेर पडते असे मात्र नाही. तिचा काही भाग कातडीच्या खोल थरात सल्फाइड आणि सेलेनाइडच्या बारीक कणांच्या रूपात साचतो. प्रकाशाने छायाचित्राची फिल्म काळी होते, तसाच काहीसा प्रकार तेथे घडतो. म्हणून उन्हाला उघडा असणारा चेहरा आणि हात अधिक निळे दिसतात. फेफऱ्याच्या रुग्णांचे कोडे असे सुटते.

हे नीट कळण्याआधी मात्र चांदीच्या औषधांची मोठी लाट येऊन गेली. क्रेडेचा मुलगा बेनो क्रेडे हा शल्यचिकित्सक होता. १८९० नंतरच्या दशकात त्याने चांदीचे कलिल, म्हणजे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेले द्रव, जंतुसंसर्गावर वापरायला सुरुवात केली. अमेरिकेत आल्बर्ट बार्न्स आणि हेरमान हिल ह्यांनी चांदी व प्रथिन ह्यांच्यापासून ‘आर्जिरॉल’ हे औषध काढले. ते डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटइतके झोंबत नसे. त्यावर बार्न्स इतका श्रीमंत झाला की त्याने जमवलेला आधुनिक चित्रांचा संग्रह आज जगात नावाजला जातो. नाकात, घशात, पोटात जेथे-तेथे चांदी वापरली जाऊ लागली आणि निळे रुग्ण पुन्हा दिसू लागले. १९३५ नंतर सल्फा औषधे आली, मागोमाग पेनिसिलिन आले, आणि चांदी मागे पडली.

भाजलेल्यांच्या खोलीत

चांदी परत आली ती भाजलेल्या रुग्णांसाठी. मोठ्या प्रमाणात भाजलेला माणूस पहिल्या काही दिवसांच्या धक्क्यातून सलाइनच्या साहाय्याने वाचू लागला होता, पण नंतर जखमेत जंतू माजून तो दगावे. त्यांत सूडोमोनास हा जिवाणू विशेष घातक होता. भाजलेल्या मृत कातडीत रक्तवाहिन्या उरलेल्या नसतात. त्यामुळे टोचलेले प्रतिजैविक तेथे पोचतच नाही. औषध बाहेरूनच लावायला हवे होते.

अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील कार्ल मॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सिल्व्हर नायट्रेट पुन्हा हाती घेतले. त्यांचा खरा प्रश्न ‘चांदी मारते का’ हा नव्हता. ‘जंतू मरतील पण कडेने वाढणारी नवी कातडी मरणार नाही, असे प्रमाण कोणते’ हा होता. पूर्वीच्या काळी वापरलेली तीव्र द्रावणे नव्या पेशीही जाळून टाकत. मॉयर गटाला ०.५ टक्के हे प्रमाण योग्य आढळले. त्यांचे काम १९६५ साली प्रसिद्ध झाले. ह्या द्रावणाने भिजवलेले जाड कापड जखमेवर ठेवायचे आणि ते सतत ओले राखायचे. जंतूंचे प्रमाण खरोखरच घटले. पण मिठाचा बांध येथेही आडवा आला. जखमेतले क्लोराइड चांदीबरोबर साका होऊन बसे, सोडियम पाण्यात निघून जाई, आणि रुग्णाच्या रक्तातले क्षार धोकादायक रीतीने उतरत. शिवाय चादरी, भिंती, फरशी, परिचारिकांचे हात, सगळे काळे होई.

तोडगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स फॉक्स ह्यांनी १९६८ साली काढला. त्यांनी चांदी आणि सल्फाडायझिन ह्यांचे संयुग बनवले. सिल्व्हर सल्फाडायझिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते जखमेवर पडून राहते आणि चांदीचे आयन थोडेथोडे, सावकाश सोडते. त्याचे १ टक्क्याचे पांढरे मलम जगभर पसरले. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतही भाजण्यावरचे मलम म्हणून ते मिळते. ह्या संयुगात मारक कोण, चांदी की सल्फा? फॉक्स आणि त्यांच्या सहसंशोधक शांता मोडक ह्यांनी १९७३-७४ च्या सुमारास ह्या प्रश्नाचा मागोवा घेतला. जिवाणूंना आणि त्यांच्या डीएनएला बांधली जाते ती मुख्यतः चांदी, असे त्यांना आढळले.

तरीही नव्या पेशींचा प्रश्न संपला नव्हता. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम ह्यांनी १९९१ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत एक तुलना प्रसिद्ध केली. भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना मधाची पट्टी आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन दिले होते. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, चांदीच्या गटातल्या ७ टक्के. जखमाही मधाने लवकर भरल्या. एका रुग्णालयातल्या एका अभ्यासावर निकाल द्यायचा नसतो, आणि मध व मलम एकमेकांपासून लपवताही येत नाहीत. पण नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यांतही असेच दिसले, की हे मलम लावलेल्या जखमा नव्या प्रकारच्या कित्येक आवरणांपेक्षा सावकाश भरतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कातडीच्या पेशींनाही चांदी मारते. म्हणून आज कोणत्या जखमेवर, किती दिवस चांदी ठेवायची, हे डॉक्टर पूर्वीपेक्षा काटेकोरपणे ठरवतात.

जंतूही शिकतात

इतक्या ठिकाणी घाव घालणाऱ्या चांदीपुढे जंतू कधीच टिकणार नाहीत, असे पुष्कळांना वाटत होते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू भाजलेल्यांच्या विभागात पसरला. तीन रुग्ण दगावले आणि तो विभाग बंद करावा लागला. ही हकीकत १९७५ साली लॅन्सेट ह्या नियतकालिकात आली. त्या जिवाणूला अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलही चालत नव्हते.

ह्या प्रतिकाराचे मूळ १९९९ साली उलगडले. शोध लावणाऱ्या गटाचे प्रमुख होते शिकागोचे सायमन सिल्व्हर. आडनाव योगायोगानेच ‘चांदी’! प्रतिकाराची जनुके एका प्लाझमिडवर होती. प्लाझमिड म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे डीएनएचे छोटे कडे. त्यावरच्या एका जनुकाने बनणारे प्रथिन चांदीच्या आयनांना पेशीच्या दाराशीच पकडून ठेवते. दुसरी जनुके पंप बनवतात, आणि हे पंप आत आलेले आयन बाहेर फेकतात. त्याच कड्यावर प्रतिजैविकांविरुद्धची जनुकेही असतात. म्हणजे विनाकारण वापरलेली चांदी चांदीला दाद न देणारे जिवाणू तर निवडतेच, शिवाय काही वेळा त्यांच्याबरोबर प्रतिजैविकांना दाद न देणारेही निवडले जाण्याची शक्यता असते.

आज चांदी कुठे नाही? लघवीच्या नळीत, जखमेच्या पट्टीत, पाण्याच्या गाळणीत, मोज्यांत आणि टूथब्रशातही ती घालतात. त्यांतले काही उपयोग उत्तम आहेत. रशियाच्या ‘मीर’ ह्या अंतराळस्थानकातले पाणी चांदीच्या आयनांनी निर्जंतुक राखत असत. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर पाण्याच्या गाळणीचे काम झाले होते. त्याच धाग्यावर, राखेत चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेली ‘टाटा स्वच्छ’ ही वीज न लागणारी गाळणी २००९ साली बाजारात आली. पाणी साठवणे किंवा गाळणे हे काम चांदीच्या स्वभावाला मानवते. क्लोराइड थोडे, वेळ भरपूर, आणि पेशी फक्त जंतूंच्याच. पिण्याच्या पाण्यात चांदी लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे भारतीय मानक सांगते.

याउलट, कलिल चांदी पिऊन सर्व रोग बरे होतात, असा दावा आजही केला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ सालीच जाहीर केले की, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाणारी अशी औषधे सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. फेफऱ्याच्या रुग्णांनी जो धडा शिकवला होता, तोच हा.

मग उष्टावणाची चांदीची वाटी आणि मिठाईवरचा वर्ख ह्यांचे काय? विद्यार्थी हे विचारणारच. वाटीतली खीर पाच मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात गुळगुळीत चांदीतून आयन किती सुटणार, आणि खिरीतल्या प्रथिनांतून किती वाचणार? तिने रोग टळत नाही आणि अपायही होत नाही. ती कौतुकाची वस्तू आहे, तिला कौतुकाचीच राहू द्यावी. वर्खही धातूच असतो, आणि त्यातला फार थोडा अंश शरीरात शोषला जातो.

आम्हांला वाटते, चांदीचा हा इतिहास वर्गात सांगताना विद्यार्थ्यांच्या हाती चार प्रश्न द्यावेत. चांदी कोणत्या रूपात आहे, धातू की आयन? आयन किती सुटतात? त्यांना किती वेळ मिळतो? आणि वाटेत मीठ, गंधक, प्रथिने किती आहेत? ‘चांदीयुक्त’ अशी कोणतीही जाहिरात ह्या चार प्रश्नांवर घासून पाहता येते. क्रेडेने, मॉयरने आणि फॉक्सने आपापल्या परीने हेच प्रश्न सोडवले. बोस्टनच्या त्या विभागात जे घडले, ते मोज्यांतल्या आणि टूथब्रशातल्या चांदीचा हिशेब करताना लक्षात ठेवायला हवे. भाजलेल्या रुग्णाच्या उशाशी जी मोजकी शस्त्रे उरली आहेत, त्यांत चांदी आहे. मोज्यांचा वास घालवण्यासाठी ते शस्त्र बोथट करणे परवडणारे नाही.